छतावरचे तीस किलो: सत्तरी तालुक्यातल्या एका जिम्नीच्या रॅकचं प्रकरण

गाडी पाच दरवाजांची मारुती सुझुकी जिम्नी, पांढरी, मॅन्युअल गिअरची. मालक गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले निवृत्त शिक्षक. गावात लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून इथेही मास्तरच. वाळपईच्या आतल्या बाजूला त्यांचं वडिलोपार्जित कुळागर आहे: पोफळी, माड, केळी, झाडांवर चढवलेली मिरी, आणि वरच्या डोंगराला काजू. डांबर संपलं की चिऱ्याच्या लाल मातीची वाट लागते, मग एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळ ओलांडला की उघड्या खडकांचा चढ. पावसाळ्यात या चढावर साधी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते. त्यामुळे लो रेंज (सावकाश पण जास्त जोराने चढायचा गिअर) असलेली, चारही चाकांना जोर देणारी फोर-बाय-फोर गाडी मास्तरांनी घेतली ती गरज म्हणून.

हौस मुलाची. तो वेर्ण्याला नोकरीला आहे आणि सुट्टी मिळाली की तंबू घेऊन बाहेर पडणारा. बापाला बांबू, केळीचे घड, नारळ आणायचे होते, मुलाला तंबू, खुर्च्या, शेगडी न्यायची होती. दोघांचीही नजर छतावर गेली, कारण आत जागाच नाही. मागची सीट उभी असताना या गाडीची डिकी २०८ लिटरची, सीट पाडली तर ३३२. चार माणसं बसली की दोन बॅगांत ती भरते. छतावर कॅरियर टाकायचा निर्णय अगदी स्वाभाविक होता, त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. प्रश्न पुढच्या पायरीला आला.

पावसाच्या तोंडावर त्यांनी जवळच्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी रॅक बनवून घेतला. चौकोनी पाइपचा, छताच्या पूर्ण लांबीचा, चारी बाजूंनी दुहेरी कठडा, खाली जाळी, वर काळं पावडर कोटिंग. दिसायला भारदस्त. जिम्नीच्या छताला दोन्ही कडांना जुन्या गाड्यांसारखी पन्हळ असते, गॅरेजमध्ये तिला गटरच म्हणतात. त्या गटरला सहा क्लॅम्प लावून रॅक बसवला. छताला भोक पाडलं नाही, हे त्या मिस्त्रीचं शहाणपण. या गाडीला सहा एअरबॅग आहेत आणि त्यांतल्या दोन पडद्यासारख्या, दरवाजांच्या वर छताच्या कडेने आत गुंडाळून ठेवलेल्या असतात. तिथे कोणी ड्रिल घातलं तर काय होईल, याचा विचारही नको.

माझ्याकडे गाडी आली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर. फोंड्याला मी गाड्यांना जादा सामान बसवण्याचं काम करतो. रॅक, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), मागचे हुक असलं. मास्तरांची तक्रार एकच होती: जुन्या गोव्याच्या बायपासला गाडी सत्तरच्या पुढे गेली की छतावर शिट्टी वाजते. "पात्रांव, शिट्टी तेवढी बंद करून द्या, बाकी सगळं छान आहे," असं मुलगा म्हणाला. बाकी सगळं छान नव्हतं.

शिडीवर चढल्यावर

गटरपासून खाली, मागच्या खिडकीच्या खांबावर तांबूस ओघळ होते. घरच्यांनी ती चिऱ्याची माती समजून वारंवार धुतली होती. सत्तरीत गाडी लाल असणं हाच तिचा मूळ रंग, त्यामुळे संशय यायचं कारणही नव्हतं. पण माती ओल्या बोटाने पुसली की जाते. हे डाग बोटाने फिके झाले, गेले नाहीत. नख फिरवलं तर रंगावर किंचित खरखर लागली. तो गंज होता, आणि तो वरून वाहून येत होता.

क्लॅम्प उघडले तेव्हा उगम सापडला. क्लॅम्पच्या जबड्यात रबर नव्हतं, लोखंडावर थेट लोखंड. गाडी खडकांवरून हलत गेली तसा प्रत्येक क्लॅम्प गटरच्या कडेवर केसभर घासत राहिला. वरचा रंग गेला, खालचं प्रायमर गेलं, आणि पत्रा उघडा पडला. त्यात गोव्याचा पाऊस, आणि पाऊस नसेल तेव्हा खारी, दमट हवा. डाव्या बाजूचा मागचा क्लॅम्प तर मूळ जागेपासून बोटभर मागे सरकला होता; रंगावरच्या खुणेवरून ते स्पष्ट दिसत होतं. तिथेच गटरच्या तळाशी, जिथे छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा एकमेकांना जोडलेले असतात, त्या सांध्यावरच्या सीलंटला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लुकणाला, एक बारीक चीर गेली होती. पाणी अजून आत शिरलं नव्हतं. आणखी एक पावसाळा गेला असता तर शिरलं असतं, आणि मग छताचं आतलं कापड ओलं होऊन वास यायला लागल्यावरच घरच्यांना कळलं असतं.

चीर का गेली? क्लॅम्प वाईट होते हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं वजनात होतं, आणि वजन किती ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. रॅक बनवणाऱ्यालाही नव्हतं. त्याने पाइपाचा दर फुटावर लावला होता, किलोवर नाही.

काजूचा काटा

रॅक उतरवून आम्ही मास्तरांच्या खोपीत नेला, कारण तिथे काजूच्या बिया तोलायचा प्लॅटफॉर्म काटा होता. काट्यावर आडवा ठेवून वाचलं: ३९ किलो.

मुलाचा विश्वास बसेना. मग तिथेच कागदावर हिशेब मांडला. २५ बाय २५ मिलिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे सोळा गेजचा लोखंडी पाइप मीटरला जवळपास १.१७ किलो भरतो. रॅकचा घेर सहा मीटरच्या वर, तो दुहेरी. त्यात आठ आडव्या पट्ट्या, कठड्याचे छोटे उभे खांब. साधारण साडेतेवीस मीटर पाइप. म्हणजे साडेसत्तावीस किलो नुसत्या पाइपाचे. वर जाळी, सहा क्लॅम्प, नट-बोल्ट, वेल्डिंग. एकोणचाळीस होणारच होते.

आता दुसरा आकडा. ऑस्ट्रेलियात जिम्नी विकताना सुझुकी छतासाठी ३० किलोची मर्यादा सांगते. पाच दरवाजांची जी गाडी तिकडे विकली जाते ती आपल्याच गुरुग्रामच्या कारखान्यातून जाते, तेव्हा पत्रा वेगळा, देश वेगळा म्हणून मर्यादा वेगळी असं म्हणायला फारशी जागा नाही. आणि हे ३० किलो म्हणजे छतावर जे जे आहे त्या सगळ्याचे. रॅकसकट. म्हणजे मास्तरांची गाडी एक नारळही न ठेवता, रिकाम्या रॅकनिशी, मर्यादेच्या नऊ किलो वर होती. आणि ती रात्रंदिवस होती. रॅक कोणी रोज उतरवत नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी तर त्यावर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीचं, सामान आलं होतं. केळीचे तीन घड, सुपारीचे कातरे म्हणजे घोस, कांगलांच्या रानवेली. वेली-कातऱ्यांचं वजन सोडा, पण चांगला घड पंधरा किलोला सहज जातो. तीन घडांचे ४५ आणि रॅकचे ३९, एकूण ८४.

हा ८४चा आकडा मी गाडीच्या एकूण वजनात घालून बघितला. जिम्नी रिकामी साधारण १२०० किलोची, आणि माणसं-सामान धरून तिचं कमाल वजन १५४५. त्या दिवशी गाडीत चौघे होते. माणशी ६५ किलो धरले तर २६०. बाराशे, दोनशे साठ आणि चौऱ्याऐंशी मिळून १५४४. डिकी पूर्ण रिकामी असती तरी गाडी काठोकाठ भरली होती. डिकी रिकामी नव्हती. तिच्यात नारळ होते.

"पण आमच्या जुन्या बोलेरोवर आम्ही यापेक्षा जास्त घालत होतो," मास्तर म्हणाले. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं, आणि तो रास्त आहे. सत्तरीत, पेडण्यात, काणकोणात एक अख्खी पिढी कॅरियरवर पोती टाकूनच बाजाराला गेली. पण त्या गाडीचं छत, खांब, वजन, स्प्रिंगा वेगळ्या; तिचा आकडा हिला लावता येत नाही. शिवाय "चालत होतं" म्हणजे काही होत नव्हतं असं नाही. गटर कुजून पाणी आत उतरलेल्या जुन्या कॅरियरवाल्या गाड्या मी पुष्कळ उघडल्या आहेत. तेव्हा लोक त्याला गाडी म्हातारी झाली म्हणायचे.

अडीच अंश

मुलाला गटरपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. तो गाडी चांगली चालवतो. २०१४ पासून पावसाळ्यात गोव्यात भरणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज बघून त्याला हा नाद लागला. त्याला विचारलं, त्या स्पर्धेतल्या गाड्यांच्या छतावर सामान बघितलंस का कधी? तिथे रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी माणसांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा, असतो, पुढे विंच असते, जड ते सगळं होईल तेवढं खाली ठेवलेलं असतं.

मग व्हाळाच्या चढाचं गणित केलं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६८ सेंटिमीटरवर आहे असं धरू. नेमका आकडा कंपनीच जाणे, पण अशा गाडीला तो याच्या आसपास असतो. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर. छतावरचं सामान जमिनीपासून १.८५ मीटरवर. छतावर ८४ किलो ठेवले की सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य सहा सेंटिमीटरहून थोडा जास्त वर सरकतो. ३० किलो ठेवले तर अडीच सेंटिमीटरहूनही कमी. गाडी कडेला झुकत झुकत उलटायच्या बेताला येते तो कोन पहिल्या बाबतीत ४६ अंशांच्या जवळून ४३च्या थोडा वर येतो, म्हणजे अडीच अंशांचा फरक. दुसऱ्या बाबतीत एक अंशही नाही.

अडीच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण हा हिशेब उभ्या, ताठ गाडीचा आहे. खरी गाडी झुकली की त्या बाजूची स्प्रिंग दबते आणि ती आणखी झुकते, आणि जितकं वजन वर तितकी ती दबते. त्या चढावर डाव्या हाताला जमीन मुळातच उतरती आहे. उजव्या बाजूची चाकं वीस सेंटिमीटरच्या खडकावर चढली की आणखी आठ अंश जातात. वर ओली माती. गाडी खाड्कन उतरली की जो झटका बसतो त्यात छतावरचं सामान क्षणभर आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोराने खाली आणि बाजूला ओढतं. हा झटका कोण झेलतं? गटरचे सहा बिंदू. सीलंटला चीर पडली ती तिथेच.

याच कारणाने रॅक बनवणाऱ्या काही नामांकित कंपन्या सांगतात की पक्क्या रस्त्यासाठी दिलेला आकडा कच्च्या वाटेवर दीडाने भागा. ३० भागिले दीड म्हणजे २०. रॅक धरून.

इथे मुलगा गप्प झाला आणि मास्तर हसले. "म्हणजे नुसता रॅक नेता येतो, सामान नाही."

जवळपास तसंच.

काय काय शक्य होतं

लोखंडी रॅक अर्धा कापून हलका करायचा, हा मास्तरांचा पहिला पर्याय. पैसे वाचले असते. पण कापल्यावर पावडर कोटिंग जिथे जिथे तुटतं तिथून गंज सुरू होतो, आणि क्लॅम्पचा प्रश्न तसाच राहतो. सोडून दिला.

ॲल्युमिनियमचा पूर्ण लांबीचा सपाट प्लॅटफॉर्म मुलाला हवा होता. दिसायला सुंदर, बसवायला सोपा, गंज नाही. लोखंडाच्या एक तृतीयांश घनतेचा धातू असला तरी पूर्ण आकाराचा प्लॅटफॉर्म पायांसकट वीस किलोच्या पुढे जातो. बाकी उरले दहाच्या आत. एवढे पैसे घालून वर दहा किलो ठेवायचे, हा माझ्या मते शोभेचा सौदा होता, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

छतावरचा तंबू हा खरा मोहाचा विषय. असे तंबू ४५ ते ६५ किलोचे असतात. विकणारे सांगतात की गाडी उभी असताना छत याहून कितीतरी जास्त वजन पेलतं, आत दोन माणसं झोपू शकतात. ते खोटं नाही. पण उभ्या गाडीचा आकडा झोपताना उपयोगाचा. तंबू तिथवर चालत्या गाडीवरूनच जायचा, आणि चालत्या गाडीचा आकडा ३० आहे. मुलाने शेवटचा मुद्दा काढला, जमिनीवर झोपलं तर साप येतात.

"साप माडावर पण चढतो रे," मास्तर म्हणाले. तंबूचा विषय तिथे संपला.

जेरीकॅनचा मात्र मीच संपवला. वीस लिटर पेट्रोलचे साधारण पंधरा किलो, वर डब्याचं वजन, आणि तो उन्हात तापलेल्या छतावर. गोव्यात कुठूनही कुठेही गेलात तरी पेट्रोल पंप इतका लांब नसतो की हे करावं लागेल.

शेवटी ठरलं ते सगळ्यांत साधं: ॲल्युमिनियमचे तीन क्रॉसबार, म्हणजे छतावरून आडवे जाणारे दांडे, गटरला धरणाऱ्या सहा पायांवर. जाळी नाही, कठडा नाही. त्याच काट्यावर तोलले, पायांसकट साडेदहा किलो. पक्क्या रस्त्याला वर ठेवायला साडेएकोणीस उरले, कुळागराच्या वाटेला साडेनऊ. जे हलकं पण आतल्या जागेत न मावणारं, तेच वर: बांबू, चटया, ताडपत्री, झोपायच्या पिशव्या, रिकाम्या पाट्या. ओला बांबू तोलून बघितला तर सहा-सात किलोचा निघाला, म्हणजे आतल्या वाटेवरून एका वेळी एक, डांबरावर दोन, फार तर तीन. केळीचे घड डिकीत, सीट पाडून, सीटच्या पाठीला टेकवून. सुपारी-काजूची पोती भाड्याच्या पिकअपने, जशी जिम्नी येण्याआधी जात होती. हे शेवटचं वाक्य ऐकून मास्तरांना थोडं वाईट वाटलं हे मला दिसलं, पण गाडी घेताना तिच्याकडून पिकअपचं काम होईल ही अपेक्षाच जरा जास्त होती.

बसवणं

आधी गटरची दुरुस्ती. उघड्या पडलेल्या जागा घासून, गंज पूर्ण काढून, प्रायमर, रंग आणि वर क्लिअर. जुनं सीलंट चिरेच्या दोन्ही बाजूंना बरंच पुढेपर्यंत खरवडून नवीन भरलं. या कामाला रॅक बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि सुकायला गाडी आमच्याकडेच राहिली. पावसात हे काम करू नये. सीलंटखाली ओल अडकली तर आपण गंज आत बंद करून ठेवतो.

पाय कुठे येतील हे टेप लावून ठरवलं. गटर पूर्ण लांबीला सारखीच दिसते, पण खाली जिथे खांब आहे तिथे ती भक्कम, आणि खिडकीच्या मधोमध त्यामानाने लवचिक. लोखंडी रॅकचे मधले क्लॅम्प नेमके खिडकीवर होते. आता पाय होतील तितके खांबांच्या जवळ घेतले. मग दोन्ही बाजूंची मापं, आणि पुढच्या-मागच्या बारांचे कर्ण मोजून बघितले. कर्ण सारखे आले नाहीत तर रॅक तिरका बसलेला असतो, आणि तिरका रॅक आवळताना गटर पिळतो. चारही दरवाजे उघडून वरच्या कडेत कागदाची घडी सरकवून बघितली. पाय आणि दरवाजा यांच्यात ती मोकळी फिरली पाहिजे.

पायाखाली ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या, रबराची पट्टी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावणारे मिस्त्री आहेत. तो उन्हाने वर्षभरात चिवट होऊन फाटतो. बोल्ट स्टेनलेस, पाय ॲल्युमिनियमचे, आणि हवा खारी. हे तीन एकत्र आले की स्टेनलेस शाबूत राहतं आणि त्याच्या भोवतालचं ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडत जातं. म्हणून दोघांच्या मध्ये नायलॉनचे वॉशर, आणि आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारं मलम. गॅरेजमध्ये हाताशी असतं ते तांब्याचं ग्रीस इथे लावू नये, तांबं ॲल्युमिनियमशी आणखी वाईट वागतं. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर तो अर्ध्यावर असा काही जाम होतो की कापूनच काढावा लागतो, हेही एक कारण.

आवळणं सहाही पायांवर थोडं थोडं, समोरासमोर आणि तिरपं, एकदम एक पाय पूर्ण नाही. शेवटचा हात टॉर्क रेंचचा (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), बारांसोबत आलेल्या कागदावर लिहिलेल्या आकड्याला. माझ्याकडचा पोरगा दणकट आहे; त्याच्या मनगटावर सोडलं असतं तर गटर चेपली असती. रबर बसकण घेतं म्हणून शंभरेक किलोमीटरनंतर परत या असं सांगितलं. मास्तर आले. पुढचे दोन पाय किंचित ढिले झाले होते.

शिट्टीचं राहिलंच. ती मुळात चौकोनी पाइपाच्या कडांमुळे होती, पुढची पट्टी काचेच्या कडेला फार जवळ होती म्हणूनही. नवे बार पंखाच्या आकाराचे आहेत आणि पुढचा थोडा मागे घेतला आहे. तरी बाजूने वारा असला की बारीक गुणगुण येत होती. पुढच्या बारावर दोरी पिळासारखी, वेढ्यांत अंतर ठेवून गुंडाळली की ती जाते. वारा सगळ्या लांबीवर एकाच तालात सुटत नाही म्हणून. मास्तरांनी घरचा काथ्या आणला होता. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून नायलॉनची दोरी घातली.

कागदपत्रांची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कडक शब्दांत सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रमाणपत्रात रिकाम्या गाडीचं वजनही लिहिलेलं असतं. वेल्डिंग करून कायमचा बसवलेला जड रॅक आणि चार बोल्ट सोडवून उतरणारे क्रॉसबार यांत अधिकाऱ्याच्या नजरेत फरक पडतो, असा माझा अनुभव; पण अनुभव म्हणजे कायदा नव्हे. मास्तरांना वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यायला आणि विमा कंपनीला लेखी कळवायला सांगितलं. शिक्षक माणूस, त्यांनी दोन्ही केलं आणि पोचही घेतली. विम्याला न कळवलेला बदल लोकांना दाव्याच्या वेळी आठवतो.

मुलाला पुढच्या बारावर एलईडीची लांब पट्टी हवी होती. गाडीच्या पुढे स्पॉटलाइट-सर्चलाइट लावणं परवानगीशिवाय चालत नाही, आणि चोर्ला घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत छताच्या उंचीवरून तो उजेड मारणं हे परवानगी मिळाली तरी वाईटच. मी बसवून दिली नाही. त्याने दुसरीकडून बसवली नाही, एवढं त्याचं कौतुक.

पुढचा पावसाळा

पावसाळा संपल्यावर बार उतरवून बघितले. सीलंट शाबूत. खांबावर ओघळ नाहीत. डाव्या बाजूच्या मागच्या पायाखाली लाल मातीचा थर साचून घट्ट झाला होता आणि त्यात ओल होती. वाटेवरचा सगळा चिखल त्याच बाजूने उडतो. माती काढली, पट्टी बदलली, खालचा रंग ठीक होता. आता दर चवथीनंतर हे करायचं ठरलं आहे. बार उतरवायला पाना आणि अर्धा तास पुरतो, ही तीन बारांची जमेची बाजू मी आधी धरली नव्हती.

लोखंडी रॅक खोपीच्या मागे पडून आहे. फॅब्रिकेटर भंगाराच्या दराने परत घ्यायला तयार होता, मास्तरांनी दिला नाही.

मुलाची नवी मागणी बाजूला उघडणाऱ्या मोठ्या छत्रीची, ऑनिंगची. पंख्यासारखी पसरणारी असेल तर ती वीस किलोच्या आसपास जाते, आणि ते सगळं वजन एकाच बाजूच्या पायांवर. बारांचे साडेदहा धरले तर डांबरावरच तिची गत जेमतेम, आतल्या वाटेवर नाहीच. त्यांनी सध्या ताडपत्री घेतली आहे, दीड किलोची. एक कड क्रॉसबारला बांधतात, दुसरी दोन पोफळींना.